पिठलं, रेझिन आणि सिलिकॉनवाला साबण

मागच्या जूनमध्ये भिवंडीच्या एका गोडाऊनमधनं आमच्याकडे रंगासाठीच्या रेझिनचा एक ड्रम परत आला. झाकण काढलं तर वर चार बोटं पिवळट पाणी आणि खाली पांढरा थर, इतका घट्ट की ढवळायचा दांडा आत खुपसला तो उभाच राहिला. एप्रिलमध्ये हाच माल लॅबमधनं निघाला तेव्हा दुधासारखा एकजीव होता आणि बॅचच्या कागदावर सही माझी होती. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी आला. तेव्हापासून डोक्यात होतं की पाण्यातलं रेझिन फुटतं कशाने आणि ते फुटू नये म्हणून आम्ही लोक नेमकं काय करतो हे एकदा केमिस्ट्री न शिकलेल्या माणसालाही कळेल असं लिहून काढायचं, कारण हा विषय फक्त कारखान्यातल्यांचा नाहीये, घराच्या भिंतीवरचा रंग, कपाटाचं पॉलिश, पुठ्ठ्याच्या खोक्यावरचं कोटिंग, सगळीकडे हेच चाललेलं असतं.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात रंगांसाठी बाइंडर बनवायचं काम करतो. रंगातली पावडर भिंतीला आपोआप चिकटत नाही, तिला धरून ठेवणारं एक पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ लागतो, तो म्हणजे बाइंडर. रेझिन म्हणा, पॉलिमर म्हणा, या लेखापुरतं एकच. आता गंमत अशी की हे पॉलिमर पाण्यात विरघळत नाही आणि ते विरघळूही नये, नाहीतर पहिल्याच पावसात भिंत धुऊन निघेल. पण डब्यात तर ते पातळ पाहिजे, ब्रशने मारता आलं पाहिजे. मग पूर्वी सरळ उपाय होता, सॉल्व्हंट. टर्पेंटाइन, थिनर, झायलीन असलं काहीतरी घालून रेझिन पातळ करायचं, भिंतीला लावायचं, सॉल्व्हंट हवेत उडून जायचं आणि रेझिन मागे राहायचं.

उडून जायचं म्हणजे कुठे जायचं? लहानपणी लालबागला आमच्या चाळीत गणपतीच्या आधी दारं-खिडक्यांना ऑइल पेंट मारायचे. बाहेर धो धो पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो वास, डोळ्यांतनं पाणी यायचं. आम्हा पोरांना शेजारी पाठवायचे, पण रंगारीकाका आतच, तोंडाला रुमाल बांधून सहा-सहा तास. आपल्याला तो वास दोन दिवस, त्यांना आयुष्यभर. सॉल्व्हंट नको म्हणायचं माझ्यासाठी पहिलं कारण तेच आहे, बाकी आग लागण्याचा धोका, हवेत जाऊन ओझोन तयार करणं, नियम, हे सगळं त्याच्या नंतर.

तर सॉल्व्हंट नको, पाणी चालेल, पण रेझिन पाण्यात विरघळत नाही. मग एकच वाट उरते, रेझिनचे इतके बारीक थेंब करायचे की ते पाण्यात तरंगत राहतील. किती बारीक, तर एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन, आणि आम्हाला थेंब त्याच्याही आत हवे असतात. यालाच इमल्शन म्हणतात. दूध हे इमल्शनच आहे, पाण्यात फॅटचे थेंब, भोवती प्रोटीन वगैरेंचं कवच. नारळाचं दूधही तेच, आणि ते किती पटकन फुटतं हे कोकणातल्या कुठल्याही बाईला विचारा, जरा जास्त उकळी आली की गेलं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे. भिंतीवरचे नेहमीचे ॲक्रिलिक इमल्शन रंग जरा वेगळ्या रस्त्याने येतात. त्यांत पॉलिमर मुळातच पाण्यात, थेंबांच्या रूपात वाढवलेलं असतं. अमेरिकेत रोम अँड हास या कंपनीने १९५३ साली घराच्या रंगासाठी पूर्ण ॲक्रिलिक इमल्शन बाजारात आणलं ते असंच. त्या रस्त्याला सॉल्व्हंटची अडचण फारशी येत नाही. पण इपॉक्सी, अल्किड, पॉलियुरेथेन, खुद्द सिलिकॉनची काही रेझिन्स, ही आधी पाण्याशिवाय तयार होतात आणि नंतर पाण्यात घालायची असतात. खरी कुस्ती तिथे आहे.

कारण रेझिन असतं काकवीसारखं, कधी त्याहून घट्ट. ते पाण्यात ओतून वर मिक्सर फिरवला तर थेंब बारीक होतील असं वाटतं ना? होत नाहीत. जी. आय. टेलर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३४ साली यावर सुंदर काम केलं, वाहत्या द्रवात एक थेंब कसा ताणला जातो आणि कधी तुटतो ते त्याने बघितलं. पुढे हे पक्कं झालं की थेंब बाहेरच्या द्रवापेक्षा साधारण चौपटीहून जास्त घट्ट असेल तर साध्या घुसळण्याने तो तुटतच नाही, नुसता जागच्या जागी गोल फिरत राहतो. आणि आमचं रेझिन गरम केल्यावरसुद्धा पाण्याच्या हजारो पट घट्ट असतं. म्हणून लोक त्यात ॲसिटोन वगैरे घालून आधी पातळ करायचे, मग पाण्यात थेंब पाडायचे आणि मग तो ॲसिटोन पुन्हा तापवून काढून घ्यायचा. म्हणजे नावाला पाण्याचा रंग, पण कारखान्यात टाक्या भरून सॉल्व्हंट, ते काढायला वीज, ते पेटू नये म्हणून वेगळा प्लांट, आणि एवढं करून थोडं मालात राहणारच.

आता पिठल्याकडे या. उकळत्या पाण्यात एकदम बेसन ओतलं तर काय होतं? गुठळ्या, आणि मग कितीही ढवळा, त्या गुठळ्या भांडंभर फिरत राहतात पण फुटत नाहीत. म्हणून आई काय करते, आधी वाटीत बेसन घेते, त्यात चमचाभर पाणी, बोटांनी कालवून घट्ट लगदा, मग अजून थोडं पाणी, मग अजून थोडं, आणि शेवटी ते सैल झालेलं मिश्रण फोडणीत. पाण्यात बेसन घालण्यापेक्षा बेसनात पाणी घालत जाणं. घट्ट असताना कालवलं की गुठळी मोडते, कारण जोर थेट गुठळीपर्यंत पोचतो. पातळ झाल्यावर तो जोर पोचतच नाही.

सॉल्व्हंटशिवाय इमल्शन करायची पद्धत अगदी हीच आहे, आम्ही तिला इन्व्हर्जन म्हणतो, म्हणजे उलटणं. रेझिन ७०-८० डिग्रीला गरम करायचं, सर्फॅक्टंट म्हणजे साबणाच्या जातीचा जो पदार्थ असतो तो त्यात आधीच मिसळायचा, आणि वरनं पाण्याची बारीक धार सोडायची. सुरुवातीला रेझिन बाहेर आणि पाण्याचे थेंब आत अशी स्थिती असते. पाणी वाढत जातं तसा माल घट्ट होत जातो, पातळ होत नाही, आणि नवीन पोरं इथेच घाबरतात. लोण्यासारखा होतो, स्टररच्या दांड्यावर चढायला लागतो, मोटरचा आवाज जड होतो, ॲमीटरचा काटा वर सरकतो. या वेळी पाणी घाईने सोडलं तर बॅच गेली. धीर धरून तसंच चालू ठेवलं की एका क्षणी सगळं उलटतं. पाणी बाहेर जातं, रेझिन आत थेंब होऊन बसतं, मोटर एकदम मोकळी पळते आणि तो धुरकट पिवळा लगदा बघता बघता पांढरा होतो. खात्री करायला काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं आणि मालाचा एक थेंब सोडायचा. गोळा होऊन खाली गेला तर अजून उलटलं नाही, धुरासारखा पसरला तर झालं. आणि पसरताना कडेला निळसर झाक दिसली तर त्या दिवशी चहा मी पाजतो, कारण निळी झाक म्हणजे थेंब खूप बारीक आहेत, आकाश ज्या कारणाने निळं दिसतं साधारण त्याच कारणाने.

तर थेंब झाले. आता ते तसेच राहिले पाहिजेत, सहा महिने, वर्षभर. थेंबाला मुळात एकटं राहायचं नसतं. दोन थेंब भेटले की एक होतात, कारण त्यात रेझिन आणि पाणी यांच्यामधली सीमा कमी होते आणि निसर्गाला ती सीमा कमीच हवी असते, या ओढीलाच सीमेवरचा ताण म्हणतात. याच्या मध्ये उभा राहतो तो सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला आवडणारं, दुसरं पाण्यापासून पळणारं, त्यामुळे तो बरोब्बर सीमेवर जाऊन बसतो आणि थेंबाभोवती कुंपण घालतो.

सीमेवरचा हा ताण मोजायची युक्ती एका घरी बसलेल्या बाईने शोधली हे मला फार आवडतं. ॲग्नेस पॉकेल्स, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची. कॉलेजात जाता आलं नाही. घरात स्वयंपाकघरातच पत्र्याचा उथळ ट्रे घेऊन पाण्याच्या पृष्ठभागावर साबण, तेल यांचा काय परिणाम होतो ते ती वर्षानुवर्षं मोजत बसली, आणि शेवटी लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले मोठा शास्त्रज्ञ, त्याने ते पत्र १८९१ साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आणलं. भांडी घासताना पाण्यावर साबणाचा थेंब पडला की तेलाचा तवंग कसा झटकन बाजूला पळतो ते बघा, तीच ती गोष्ट.

तर आकडे. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाणी आणि हवा यांच्या सीमेवरचा ताण, खोलीच्या तापमानाला साधारण ७२ असतो, मिलिन्यूटन प्रति मीटर हे त्याचं माप. नेहमीचा साबण किंवा डिटर्जंट घातला की तो ३०-३५ च्या आसपास येतो. सिलिकॉनचा सर्फॅक्टंट घातला की तो २० ते २२ पर्यंत खाली जातो. हा फरक कुठनं येतो ते रेणूच्या रूपात आहे.

आधी एक घोळ मिटवू. मराठीत मोबाइलच्या चिपमधलं सिलिकॉन आणि हे सिलिकॉन आपण एकसारखंच लिहितो, पण ते मूलद्रव्य आहे आणि हे त्याच्यापासून केलेलं पॉलिमर. एक सिलिकॉनचा अणू, एक ऑक्सिजनचा, परत सिलिकॉन, परत ऑक्सिजन अशी लांब माळ, आणि प्रत्येक सिलिकॉनला दोन बाजूंनी मिथाइल नावाचे छोटे गट लटकलेले. नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यांवर काम केलं, आणि १९४० मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रॉचो यांनी सिलिकॉन धातूपासून थेट कच्चा माल बनवायची पद्धत काढली, तिथनं हे स्वस्त झालं.

या माळेची खासियत म्हणजे ती कमालीची लवचिक आहे. साध्या साबणाची शेपटी कार्बनची असते, तिला वळायला थोडे कष्ट पडतात. सिलिकॉन-ऑक्सिजनची माळ सहज वळते, इतकी की उणे १२० डिग्रीपर्यंतही ती काचेसारखी कडक होत नाही. त्यामुळे सीमेवर गेली की ती आडवी पसरते, ऑक्सिजन खाली आणि मिथाइलचे गट बाहेर, शाकारलेल्या छपरासारखे. आणि मिथाइल गटांनी झाकलेल्या पृष्ठभागाचा ताण फार कमी असतो. बस, एवढंच रहस्य आहे त्या २० च्या आकड्याचं.

पण नुसती माळ पाण्यात काही कामाची नाही, ती तेलासारखी वर तरंगेल. म्हणून तिला पाण्याला आवडणारे हात जोडतात, बहुतेक वेळा पॉलिइथर नावाच्या साखळ्या, प्लॅटिनमच्या अगदी चिमूटभर कॅटलिस्टने. कंगव्यासारखा आकार होतो, मधे सिलिकॉनचा दांडा आणि त्यातनं निघालेले दात. गादीतला फोम असतो ना, त्याचे बुडबुडे एकसारखे यावेत म्हणून १९५० च्या दशकाच्या शेवटापासून हेच रेणू वापरतात.

आता खरी मेख. साधं सिलिकॉन पाण्यालाही नको असतं आणि इपॉक्सीसारख्या रेझिनलाही नको असतं. दोघांनी हाकललेलं म्हणून ते सीमेवर येतं हे ठीक, पण हाकललेला माणूस तिथे टिकून राहील याची काय खात्री? थेंबाला घट्ट पकडणारं काहीतरी त्याच्या अंगावर पाहिजे. म्हणून चांगल्या इमल्शनसाठी त्याच दांड्यावर तीन प्रकारचे हात बसवतात. काही पाण्याकडचे. काही रेझिनकडचे, म्हणजे लांब कार्बनच्या शेपट्या किंवा रेझिनशी जुळणारे दुसरे गट. आणि काही विजेचा भार असलेले. साध्या साबणाचा रेणू थेंबाला एका शेपटीने धरतो, धक्का बसला की सुटतो, परत बसतो, सारखी ये-जा चालू. या कंगव्याने दहा ठिकाणी धरलेलं असतं, एक हात सुटला तरी नऊ आहेतच, म्हणून तो सहसा सुटत नाही.

आणि यामुळे मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट शक्य होते, साबण कमी लागतो. इमल्शन फुटतंय असं दिसलं की नवखा माणूस काय करतो, अजून साबण ओततो. डब्यात ते छान राहतंही. पण भिंतीवर? पाणी उडून जातं, थेंब एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो, आणि साबण कुठे जाणार, तो तिथेच अडकतो. साबण तो साबणच, पाणी दिसलं की पाण्याकडे धावतो. मुंबईच्या हवेत ऑगस्टमध्ये बाहेरची भिंत रंगवली आणि रात्री सर आली की सकाळी भिंतीवर तपकिरी चिकट ओघळ दिसतात, बघितले असतील तुम्ही, बाल्कनीच्या कठड्याखाली हमखास. लोक म्हणतात रंग उतरला. बरेचदा रंग उतरलेला नसतो, आतला साबण आणि इतर पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टी बाहेर आलेल्या असतात. डब्यात ज्याने वाचवलं त्यानेच भिंतीवर घात केला. म्हणून कमी मात्रेत, जागेवर चिकटून राहणारा सर्फॅक्टंट मिळणं याला आम्ही एवढं महत्त्व देतो.

ड्रमकडे परत येतो. आमचा तो माल इपॉक्सीचा होता, त्यात सिलिकॉन नव्हतं, साधा पॉलिइथरवाला साबण होता आणि बऱ्यापैकी होता. लॅबमध्ये सगळ्या चाचण्या पास. मग फुटलं कसं? गोडाऊनमध्ये जाऊन बघितलं तर पत्र्याचं छप्पर आणि ड्रम सगळ्यात वरच्या थरात, अख्खा मे महिना. पॉलिइथरचे हात पाण्यात पसरलेले असतात कारण पाण्याचे रेणू त्यांना धरून असतात, आणि तापमान वाढलं की ती पकड सुटते. एका ठरावीक तापमानाला साबण पाण्यातनं अंग काढून घेतो, द्रावण गढूळ होतं, त्याला क्लाउड पॉइंट म्हणतात. पाण्यात मीठ असलं तर हा पॉइंट आणखी खाली येतो. कुंपण पडलं, थेंब चिकटायला लागले, मोठे झाले. आणि थेंब मोठा झाला की तो किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या त्रिज्येच्या वर्गावर असतं, म्हणजे दहापट मोठा थेंब शंभरपट वेगाने बसणार. इपॉक्सी पाण्यापेक्षा जड, म्हणून थर खाली आणि पाणी वर.

आता नीट ऐका, सिलिकॉनच्या दांड्यावर पॉलिइथरचे हात असले तर त्यांनाही हाच आजार होऊ शकतो, दांडा सिलिकॉनचा आहे म्हणून उष्णतेत आपोआप वाचत नाही. पुढच्या बॅचला आम्ही सिलिकॉनचा कंगवा घेतला, आणि आम्हाला वाचवलं ते त्याच दांड्यावरच्या भारवाल्या हातांनी. थेंबाभोवती ऋण भार असला की थेंब एकमेकांना ढकलतात, आणि त्याला उष्णतेने एवढा फरक पडत नाही. मग नुसता भारच का नको? कारण भाराचा शत्रू वेगळा आहे, खारं किंवा जड पाणी. मीठ आणि कॅल्शियम आलं की भाराची ताकद झाकली जाते. आणि मुंबईत हे पुस्तकातलं नाहीये. साइटवर नळाला पाणी नसतं, टँकर येतो, नाहीतर बोअरवेल, समुद्राजवळ असेल तर मचूळ, आणि रंगारी तेच पाणी रंगात घालून ढवळतो. त्या बादलीत भारवालं कुंपण पडतं तेव्हा पॉलिइथरवालं उभं राहतं, आणि पत्र्याखाली पॉलिइथरवालं पडतं तेव्हा भारवालं. दोन्ही एकाच रेणूवर, म्हणजे दोघांतला एक सुटून दुसरीकडे गेला असंही होत नाही.

या रेणूचं कौतुक करतोय म्हणून त्याचे दोष लपवणार नाही. चुकीचा सिलिकॉन निवडला किंवा जास्त घातला तर रंगाच्या थरात गोल गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे, आणि एका टाकीतलं सिलिकॉन नीट न धुता पुढची बॅच घेतली तर तीही जाते. वर दुसरा हात मारायचा असेल तर कधीकधी तो धरत नाही. फेस हा वेगळा विषय, काही सिलिकॉन फेस मारतात तर काही वाढवतात. छोट्या रेणूंचे, तीन सिलिकॉनवाले जे असतात, जे पानावर फवारा पसरवायला शेतीत वापरतात, ते पाण्यात फार दिवस टिकत नाहीत, पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, ७ च्या आसपास असेल तरच, आणि आमचे रंग ८ ते ९ च्या घरात असतात, म्हणून तिथे ते चालत नाहीत, मोठा कंगवाच लागतो. सिलिकॉन बनवताना डी४, डी५ नावाचे गोल रेणू थोडे मागे राहतात, युरोपने २०२० पासून धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यांच्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातलीय, तेव्हा माल घेताना ते किती उरलेत हे विचारायलाच हवं. आणि किलोमागे भाव साध्या साबणापेक्षा कितीतरी जास्त, पर्चेसवाल्यांशी दर वेळी वाद.

दुकानात डब्यावर पाण्याचा रंग असं लिहिलेलं असलं तर त्यात सॉल्व्हंट शून्य असं समजू नका. थेंब नीट मिसळून पापुद्रा व्हावा म्हणून बऱ्याच रंगांत थोडं सावकाश उडणारं सॉल्व्हंट घातलेलं असतं. व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटचा आकडा बघा, ग्रॅम प्रति लिटरमध्ये असतो, आणि घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर आवर्जून बघा. आणि रंगाऱ्याला पातळ करायला प्यायच्या नळाचं पाणी द्या, बादलीभर तर लागतं.

नवीन बॅच आम्ही जुलैमध्ये केली. साबण आधीच्यापेक्षा निम्म्याहून कमी. तीन बरण्या ५० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवल्या, एक साध्या पाण्याने पातळ केलेली, एक बोअरच्या पाण्याने, एक तशीच. रोज सकाळी आल्या आल्या बाकी काही करायच्या आधी मी बरणी तिरकी करून तळाला टॉर्च मारतो, थर बसायला लागला असेल तर काचेवर आधी एक बारीक चंद्रकोर दिसते. आज नव्वदावा दिवस होता. बोअरच्या पाण्याच्या बरणीत काल कोर आहे की सावली आहे ते कळेना, म्हणून आज सुरेखाताईंना बोलावलं, त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. त्यांनी बरणी पुसली, टॉर्च खालनं धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, काच ओली होती, माल साफ आहे.